देठ हिरवा आहे तोवर

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकलेली असेल. कुठे डोळे फुगले असतील, कुठे पोंगा फुटला असेल. छाटणीपासून साधारण १२० ते १३५ दिवसांनी थॉमसन जातीचा घड काढणीला येतो. म्हणजे आज वेलीवर ज्याचा मागमूसही नाही, तो घड लालबाग-परळच्या हातगाड्यांवर दिसायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. नाशिकहून मुंबई रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे वाशीला लागतो आणि उजाडता उजाडता माल दादरला येतो.

याच तालुक्यांतला दुसरा घड न्हावाशेवाच्या बंदरातून बोटीने रॉटरडॅमला जातो. सुएझमार्गे हा प्रवास तीन आठवड्यांच्या आसपासचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा त्यात आणखी दोनेक आठवड्यांची भर पडली. तरीही तिथल्या दुकानात पोहोचलेल्या घडाचा देठ हिरवा असतो, मणी टणक असतो. आमच्या परळच्या नाक्यावर मात्र तोडणीनंतर दोन-तीन दिवसांतच देठ काडीसारखा तपकिरी होतो आणि घड उचलला की मणी टपाटप गळतात. सातासमुद्रापलीकडचं द्राक्ष ताजं आणि घाटाखालचं शिळं, हा प्रकार काय आहे, याचा शोध घ्यावा म्हणून मी या विषयात शिरलो. त्यातून द्राक्षाच्या शरीराविषयी जे कळलं आणि या शहराच्या बाजाराविषयी जे कळलं, ते दोन्ही इथे मांडतो.

द्राक्षाला अढी नाही

पहिला प्रश्न गोडीचा. आपल्याकडे फळ पिकवणं म्हणजे आंबा अढीत घालणं. हापूस झाडावरून उतरवताना कडक आणि आंबट असतो, पेंढ्यात आठ-दहा दिवस राहिला की गोड होतो. केळ्याचंही तेच. या फळांनी झाडावर असताना पिष्टमय पदार्थांचा साठा केलेला असतो. तोडल्यानंतर त्याची साखर होते. द्राक्षात असा साठा नसतो. पानांनी तयार केलेली साखर थेट मण्यात उतरते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपांत राहते. देठ कापला की ही आवक बंद. त्यानंतर मणी श्वासोच्छ्वासासाठी आपल्याजवळचंच खर्च करत राहतो. आंबट द्राक्ष घरी आणून तांदळात ठेवा, कागदात गुंडाळा, केळ्यांशेजारी मांडा, ते गोड होणार नाही. फार तर सुकेल.

सुकताना एक फसवं गणित होतं. बागायतदार गोडी ब्रिक्स या मापात मोजतात. मण्याचा थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून डोळ्याला लावायचा. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेले घन पदार्थ १८ ग्रॅम, त्यात बहुतांश साखर. आता या मण्यातलं शेकडा ५ वजनाचं पाणी उडून गेलं, तर आकडा १९ च्या जवळ जाईल. साखर मात्र कणभरही वाढलेली नसते, पाणी कमी झालेलं असतं आणि मणी मऊ पडलेला असतो. निर्यातीच्या मालासाठी आपल्याकडे किमान १६ ब्रिक्सची अट आहे. चांगला बागायतदार त्याच्याही पुढे जाऊन, गोडी पुरती भरल्यावरच कात्री लावतो.

मग संक्रांतीच्या सुमाराला बाजारात आंबट द्राक्षं का येतात? डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नाशकात साखर भरण्याचा वेग मंदावतो. उलट, हंगामाच्या सुरुवातीला माल थोडा असल्याने भाव चढा असतो. मण्यात पाणी उतरलंय, फुगवण झालीय, रंग बरा दिसतोय. आठवडाभर थांबावं तर भाव उतरेल किंवा अवकाळी पाऊस येऊन मणी तडकतील. पिकत आलेल्या मण्यावर पाऊस झाला की मणी पाणी ओढून घेतो आणि त्याची साल फाटते. वर्षभराचा खर्च एका रात्रीत मातीत जाण्याची ही भीती खरी आहे. त्यामुळे घाईने तोडणाऱ्याला केवळ लोभी म्हणून चालणार नाही. पण एवढं खरं की त्या घाईची भरपाई पुढे कोणतंही शीतगृह करू शकत नाही. महाशिवरात्रीच्या उपासाला आणलेली द्राक्षं संक्रांतीच्या द्राक्षांपेक्षा गोड लागतात, ती वेलीवर जास्त दिवस राहिलेली असतात म्हणून.

तहानलेली हवा

दुसरा प्रश्न ताजेपणाचा. घड वेलीवर होता तोवर त्याला मुळांकडून पाणी मिळत होतं. तो तुटला की पाणी फक्त बाहेर जातं. मणी आणि देठ यांच्यात मोठा फरक आहे. मण्यावर मेणाचा थर असतो. ताज्या द्राक्षावर जी पांढुरकी, भुकटीसारखी छटा दिसते, ती या मेणाचीच. ती औषधाची भुकटी असावी अशी अनेकांची समजूत असते आणि ती घासून काढण्यात त्यांना समाधान वाटतं. प्रत्यक्षात ते मण्याचं चिलखत आहे. देठाला आणि घडाच्या पाकळ्यांना असं जाड चिलखत नसतं. म्हणून आधी सुकतो तो देठ. घडाचं वजन शेकडा दोनच्या आसपास घटलं की देठ तपकिरी पडू लागतात. मणी सुरकुतायला त्याच्या दुपटीहून अधिक घट व्हावी लागते. दादरच्या बाजारात एका फळवाल्या मावशींनी मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं: ‘मणी काय दाबून बघताय काका, देठ बघा.’

मेणाचं महत्त्व किती, हे तासगावात बेदाणा करणाऱ्यांकडून समजतं. तिथे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून मगच शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. त्या द्रावणाने मेणाची वीण सैल होते आणि पाणी झपाट्याने बाहेर पडून पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार होतो. बेदाणेवाला जे मुद्दाम मोडतो, तेच ताजं द्राक्ष विकणाऱ्याने जपायचं असतं.

हवेची तहान मात्र ठिकाणागणिक बदलते. हवा जितकी गरम, तितकी तिच्यात बाष्प मावण्याची क्षमता मोठी. ३० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत जेवढी बाष्पाची तूट असते, ती शून्य अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेतल्या तुटीच्या सुमारे ३५ पट भरते. म्हणजे दुपारच्या उन्हात शिवारात पडून राहिलेला क्रेट एका तासात जेवढं पाणी गमावतो, तेवढं गमवायला नीट शीतगृहात साधारण दीड दिवस लागतो. शिवाय तापमान दहा अंशांनी उतरलं की मण्याचा श्वासोच्छ्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

म्हणूनच निर्यातीचा घड सकाळी लवकर, मणी २० अंशांच्या आत थंड असताना तोडतात; देठाला धरून, मण्याला बोट न लावता. मग सावलीत पॅकिंग, आणि चार-सहा तासांच्या आत प्रीकूलिंग. बंद खोलीत थंड हवा पेट्यांच्या भोकांतून जोराने ओढून घडातली शिवाराची उष्णता काढून टाकायची. पुढचा सगळा प्रवास शून्य ते एक अंशात, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत. तोडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत गेलेलं पाणी नंतर कितीही गारव्यात ठेवलं तरी परत येत नाही.

राखाडी बुरशी आणि गंधकाचा कागद

गारवा आणि दमटपणा दिला म्हणजे सगळं झालं असंही नाही, कारण दमट हवा बुरशीलाही मानवते. द्राक्षाची जुनी वैरीण म्हणजे बोट्रायटिस ही राखाडी बुरशी. शून्य अंशातही ती अगदी सावकाश वाढत राहते आणि एका मण्यावरून शेजारच्या मण्यावर पसरत पेटीत घरटं करते. गरम हवेत काळ्या बुरशी आणि किण्व तिच्या आधी पोहोचतात. मुंबईतल्या पाटीत तळाशी दारूसारखा आंबूस वास येतो तो त्यांच्यामुळे.

या बुरशीवरचा उपाय कॅलिफोर्नियात सापडला. विंकलर आणि जेकब या संशोधकांनी १९२५ मध्ये द्राक्षांना सल्फर डायऑक्साइड वायूची धुरी देण्याविषयीचं काम प्रसिद्ध केलं. पुढे ती धुरी कागदात आली. आज निर्यातीच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत घडांवर एक पातळ चौकोनी कागद ठेवलेला असतो, बागायतदार त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. घडातून निघणारं बाष्प त्याला लागलं की वायू सुटतो. कागदाचा एक थर पहिल्या काही दिवसांत भरपूर वायू सोडतो, दुसरा पुढचे अनेक आठवडे थोडा थोडा. घडाचा श्वासच आपल्या रक्षणाचं औषध मोकळं करतो, अशी ही युक्ती.

पण ती युक्ती गारव्यावर अवलंबून आहे. मध्येच कुठे तापमान चढलं, पेटीत पाणी सुटलं, की वायूचा एकदम लोंढा येतो आणि मण्यांवर देठाच्या बाजूने पांढरट चट्टे पडतात, चवीला गंधक लागतं. दम्याच्या काही रुग्णांना गंधकाचा हा प्रकार सोसत नाही. म्हणून युरोपात फळात उरलेल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे.

मातीची वाटी, कापसाची पेटी

वीज आणि वायू नव्हते तेव्हा लोक काय करत? अफगाणिस्तानात कंगीना नावाची पद्धत आजही टिकून आहे. माती आणि गवताचा काला करून दोन वाट्या उन्हात वाळवायच्या, त्यात निवडक घड ठेवायचे, दोन्ही तोंडाला तोंड लावून ओल्या मातीने सांधायचं आणि थंड, कोरड्या जागी ठेवून द्यायचं. हिवाळा संपून नवरोज आला की वाटी फोडायची. आतली हवा कोंडलेली, बाष्पही फारसं बाहेर जात नाही आणि जास्तीचा ओलावा माती शोषून घेते. आधुनिक पेटीतली प्लास्टिकची पिशवी वेगळं काय करते?

फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या थोमेरी गावात एकोणिसाव्या शतकात घडाबरोबर काडीचा तुकडाही कापत आणि ती काडी कोळसा घातलेल्या पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ठेवत. देठाची तहान भागत राही आणि घड हिवाळाभर टिके. स्पेनमधल्या अल्मेरियाहून जाड सालीची द्राक्षं बुचाच्या भुशात भरून पिंपांतून इंग्लंड-अमेरिकेला जात. काबूलची द्राक्षं हिंदुस्थानातल्या शहरांत येत ती लाकडाच्या पातळ पेट्यांत, कापसाच्या थरांमध्ये. रवींद्रनाथांचा काबुलीवाला पहिल्यांदा मिनीच्या रस्त्यावर दिसतो, तेव्हा त्याच्या हातात द्राक्षांच्या पेट्याच आहेत. कापूस, भुसा, माती. गावोगावी साधन वेगळं, पण काम तीनच: धक्का चुकवायचा, जास्तीचा ओलावा टिपायचा आणि घडाचं पाणी घडापाशी ठेवायचं.

दख्खनमध्ये मात्र द्राक्ष साठवण्याची अशी परंपरा मला आढळली नाही. द्राक्षाचा मान होता. वाग्भटाने फळांत ते श्रेष्ठ मानलं, इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादेला द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं नोंदवलं. पण आपली गरज आसव, अरिष्ट आणि मनुका यांनी भागत होती. काबुलात काढणीनंतर हिवाळा येतो. आपल्याकडे काढणीनंतर चैत्राचं ऊन येतं. निसर्गाने दिलेलं थंड कोठार त्यांच्याकडे होतं, आपल्याकडे नाही, हे त्याचं कारण असावं.

क्रॉफर्ड मार्केट ते वाशी

मुंबईला बर्फाची ओळख मात्र फार आधी झाली. १८३० च्या दशकात बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ भुशात भरून जहाजाने इथे येऊ लागला आणि फोर्टात त्याच्यासाठी खास बर्फघर उभं राहिलं. तो पैसेवाल्यांच्या टेबलासाठी होता. सामान्य मुंबईकराच्या द्राक्षाचा प्रवास वेगळा झाला. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि नाशिक मुंबईच्या हाताशी आलं. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केटची इमारत पुरी झाली. पुढे शंभरहून अधिक वर्षं घाऊक फळबाजार तिच्या आसऱ्याला राहिला. तेव्हाचं नाशिकचं द्राक्ष म्हणजे भोकरी, फकडी, साहेबी. बिया असलेली, पण सालीने जाड आणि प्रवासाला त्यातल्या त्यात सोशिक. बांबूच्या करंडीत कागद आणि पाला घालून ती येत.

१९६० नंतर बिनबियांचं थॉमसन महाराष्ट्रात रुजलं आणि बागायतदारांनी नव्या जाती निवडल्या. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका आणि काळी शरद सीडलेस. खाणाऱ्याला बी थुंकायला नको, साल चावायला नको. पण पातळ साल म्हणजे पातळ चिलखत. फळ नाजूक झालं आणि वाहतूक तशीच राहिली.

१९९६ मध्ये घाऊक फळबाजार वाशीला गेला. त्यामुळे गिरगाव, भुलेश्वर, लालबागच्या किरकोळ विक्रेत्याला पहाटे खाडीपलीकडे जाऊन माल आणावा लागतो. म्हणजे एक चढ-उतार वाढली. स्थानिक बाजाराचा बराचसा माल प्रीकूलिंग न होताच क्रेटमध्ये कागद घालून निघतो. वाटेत तो तीन-चारदा उचलला, आपटला, ओतला जातो. दुपारी हातगाडीवर ऊन चढलं की विक्रेता त्यावर पाणी शिंपडतो. घड तासभर टवटवीत दिसतो, पण मण्यांच्या सांध्यात साचलेलं पाणी बुरशीच्या बीजांना हवंच असतं. संध्याकाळी गळालेले मणी वेगळे काढून निम्म्या-पाऊण भावात विकले जातात. लालबाग-परळच्या कितीतरी घरांत द्राक्ष म्हणजे हे सुटे मणीच असत. केईएम आणि टाटा रुग्णालयाबाहेरच्या गाड्यांवरून आजाऱ्यासाठी नेलेल्या पुड्यातही बहुधा याच साखळीचा माल असतो.

उलट बाजूला निर्यातीची साखळी १९९१ मध्ये महाग्रेप्सच्या स्थापनेपासून आकाराला आली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी पणन मंडळाच्या मदतीने ती उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत परदेशी बाजारांनी माल नाकारला, तोटा झाला. मग गावोगावी प्रीकूलिंग आणि शीतगृहं उभी राहिली, पॅकिंगचे हात तयार झाले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. २०१० मध्ये औषधांच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तेव्हा तपासणी आणखी कडक झाली. थोडक्यात, घड ताजा ठेवण्याची विद्या महाराष्ट्राकडे तीस वर्षांहून अधिक काळ आहे. ती वापरली जाते ती जिथे माल परत येण्याची भीती आहे तिथे. लालबागचं गिऱ्हाईक माल परत पाठवत नाही. कुरकुरत सुटे मणी घेतं.

आपल्या हातात काय

पहिली गोष्ट निवडीची. घड देठाने उचलावा. देठ हिरवा, लवचीक हवा. मण्यावर पांढुरकी छटा असली तर माल कमी हाताळलेला आहे. पूर्ण हिरवा मणी बहुधा आंबट, पिवळसर झाकेचा गोड. पण खात्री चाखूनच. चाखायचा तो घडाच्या टोकाचा मणी. तिथे साखर सर्वांत शेवटी भरते, तो गोड असेल तर वरचे असतातच.

घरी आणल्यावर धुऊ नये. फुटके, सडके मणी कात्रीने काढावेत. ओढून काढला तर देठाला ओली जखम राहते आणि शेजारी नासतात. भोकं असलेल्या पिशवीत घड सैल ठेवून फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, कांदा-लसणापासून दूर ठेवावा, कारण द्राक्ष वास पटकन धरतं. लागतील तेवढेच बाहेर काढून तेव्हा धुवावेत. आत-बाहेर करू नये. मार्चमधल्या मुंबईत हवेचा दवबिंदू २० अंशांच्या आसपास असतो; चार अंशांचा घड ओट्यावर ठेवताच त्याला घाम फुटतो आणि तसाच तो पुन्हा आत गेला की बुरशीची सोय होते. खाण्याआधी मात्र थोडा वेळ बाहेर ठेवावा. फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांच्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. पाणी उडताना होणाऱ्या गारव्यावर तो चालतो. निफाड-दिंडोरीच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग आहे. समुद्राकाठच्या दमट मुंबईत पाणीच नीट उडत नाही, तिथे तो फार गार होणार नाही. इथे खरा उपाय म्हणजे कमी आणणं आणि दोन दिवसांत संपवणं.

घरची काळजी मात्र साखळीच्या शेवटच्या टोकाची. जी नासाडी शिवारातल्या पहिल्या चार तासांत आणि वाशी ते लालबागच्या शेवटच्या चार तासांत होते, तिला फ्रिज पुरा पडत नाही. गावच्या पॅकहाउसमध्ये स्थानिक मालालाही प्रीकूलिंगची पाळी मिळावी, ट्रकला झाकण आणि थरांना आधार असावा, मंडईत दुपारपुरती थंड खोली असावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा शोध लावायचा नाही. याला खर्च आहे, आणि तो आज कोणी करत नाही, कारण तपकिरी देठाचा आणि हिरव्या देठाचा घड आपण एकाच भावाने घेतो. येत्या हंगामात संक्रांतीचा आंबट घड नाकारणारी आणि हिरव्या देठाला चार पैसे जास्त मोजणारी गिऱ्हाइकं वाढली, तर वाशीच्या अडत्याला ते आठवड्याभरात कळेल आणि निफाडच्या बागायतदाराला त्याच्या पुढच्या आठवड्यात. तोडणीची कात्री केव्हा लागायची, हे तिथे याच निरोपावर ठरतं.